कंपासपेटीचा रिव्ह्यू: कोनमापक एकदम बेस्ट, कंपास मात्र बदलावाच लागतो

कंपासपेटी घेताना लोक डबा बघतात, झाकण नीट लागतं का बघतात, आत किती वस्तू आहेत ते बघतात आणि घेऊन टाकतात. त्या वस्तूंनी कोन बरोबर येतो का हे कुणी बघतच नाही, आणि खरं तर पेटी घ्यायची असते ती त्यासाठीच. म्हणून हा रिव्ह्यू मी फक्त कोनांच्या बाजूने लिहितेय, म्हणजे कोन काढायला आणि मोजायला ही पेटी किती भरवशाची आहे एवढंच. मी घरी मुलांना भूमिती शिकवते त्यामुळे ही साधनं कायम हातात असतात, आणि मुलाची रीत बरोबर असूनही उत्तर दोन-तीन अंशांनी चुकतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या पोराला वाटतं आपल्याला भूमिती येत नाही आणि दोष असतो त्या ढिल्या कंपासचा.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, याच बनावटीच्या पेट्या बऱ्याच नावांनी मिळतात, आणि मी ज्या तपासण्या सांगतेय त्या कुठल्याही पेटीवर करता येतात.

पेटीत काय आहे तर पत्र्याचा डबा, 15 सेंमीची पट्टी, कोनमापक, दोन गुण्ये, कंपास, कर्कटक म्हणजे डिव्हायडर, बुटकी पेन्सिल, खोडरबर आणि शार्पनर. पट्टी, कोनमापक, गुण्ये सगळं पारदर्शक प्लास्टिकचं. हे पारदर्शक असणं दिसण्यासाठी नाही हं, खाली काढलेली रेघ दिसलीच नाही तर कोनमापक बसवणार कुठे? रंगीत दुधी प्लास्टिकचे कोनमापक येतात ते बघायला छान असतात पण कामाला घेऊ नका.

कोनमापकापासून सुरू करते कारण या पेटीतली सगळ्यात चांगली वस्तू तीच आहे. व्यास 10 सेंमी, म्हणजे त्रिज्या 5 सेंमी. आता हिशोब करा, 5 सेंमी त्रिज्येच्या कडेवर एका अंशाला साधारण 0.87 मिमी जागा मिळते. एवढ्यात रेघ पण छापायची आणि दोन रेघांच्या मधे मोकळी जागा पण ठेवायची. त्यामुळे छपाई जराशी जरी जाड असली तरी 47 का 48 हे कळत नाही. छोट्या पेट्यांमधे 4 सेंमी त्रिज्येचे कोनमापक असतात, तिथे ही जागा 0.7 मिमीवर येते आणि मग रेघा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. यातल्या रेघा बारीक आणि स्वच्छ आहेत, पाच-पाच अंशांची रेघ थोडी लांब, दहाची अजून लांब, नजर टाकली की मोजत बसावं लागत नाही. त्रिज्या 5.73 सेंमी असती तर एक अंश बरोबर 1 मिमीचा झाला असता, म्हणून मोठा कोनमापक मिळत असेल तर मोठाच घ्या, पण डब्यात बसणाऱ्यात 5 सेंमीचा चांगला म्हणायचा.

दुसरी गोष्ट, छपाई खालच्या बाजूला आहे, म्हणजे जी बाजू कागदाला टेकते तिथे. हे फार महत्त्वाचं आहे आणि पेटीवर कुठेच लिहिलेलं नसतं. छपाई वरच्या बाजूला असेल तर रेघा आणि कागद यांच्यामधे प्लास्टिकची जाडी येते, दीड-दोन मिमी, आणि तुम्ही जरा तिरकं बघितलं की अर्धा अंश सहज इकडेतिकडे होतो. बाकावर बसलेलं मूल कधीच अगदी वरून सरळ बघत नाही, ते तिरकंच बघतं. तपासायचं कसं, तर कोनमापक एका रेघेवर ठेवा आणि मान डावीकडे उजवीकडे करून बघा, आकडा हलला तर छपाई वर आहे. यात हलत नाही.

आता येते ती गोष्ट जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. कोनमापकाच्या तळाला सरळ कड असते आणि त्या कडेच्या थोडं वर शून्याची रेघ असते. बहुतेक प्लास्टिकच्या कोनमापकांत या दोघी एक नसतात! यात दोन्हींमधे साधारण 5 मिमीचं अंतर आहे. केंद्र म्हणजे जिथे शिरोबिंदू यायला हवा तो बिंदू शून्याच्या रेघेवर आहे, कडेवर नाही. पण मुलं काय करतात की कड दिसते, कड सरळ आहे, मग कोनाच्या भुजेवर कडच टेकवतात आणि वरचा आकडा वाचतात.

याने किती फरक पडतो ते मी हिशोब करून बघितलं. 5 सेंमी त्रिज्या, कड आणि शून्याची रेघ यांच्यात 5 मिमीचं अंतर. अशा वेळी खरा 30 अंशाचा कोन तुम्हाला 25 दिसतो. 60 चा 57 दिसतो. 150 चा 155. आणि 90 चा? तो 90 च दिसतो, कारण काटकोनाची भुजा सरळ वर जाते आणि कोनमापक वर सरकवला तरी ती त्याच रेघेवर राहते. म्हणजे बघा, कुणी जर काटकोन मोजून खात्री केली की आपण बरोबर ठेवतोय तर त्याला चूक कळणारच नाही, सगळं ठीक वाटेल आणि लघुकोन मात्र सगळे कमी येतील नि विशालकोन जास्त. कोन काढताना याच्या उलटं होतं, 30 वर खूण करून शिरोबिंदूला जोडली की जवळजवळ 35 अंशाचा कोन तयार होतो. मुलाची उत्तरं अशी एका ठरावीक पद्धतीने चुकत असतील तर त्याला अजून गणितं देऊ नका, तो कोनमापक कसा ठेवतोय ते आधी बघा.

या कोनमापकात शून्याची रेघ बाकीच्यांपेक्षा ठळक आहे, लाल रंगात, आणि केंद्राला बारीक भोक आहे ज्यातून शिरोबिंदू थेट दिसतो. बऱ्याच कोनमापकांत केंद्राला मोठं अर्धगोल छिद्र असतं आणि त्याचा मध्य आपणच अंदाजाने धरायचा असतो. केंद्र 1 मिमी जरी बाजूला गेलं तरी 5 सेंमीवर चूक एका अंशाच्या वर जाऊ शकते. त्यामुळे त्या बारीक भोकाला माझ्याकडून वेगळे मार्क.

दोन मापनपट्ट्या आहेत, बाहेरची डावीकडून उजवीकडे 0 ते 180 आणि आतली उजवीकडून डावीकडे. इथे आतली लाल आणि बाहेरची काळी आहे, याचा खूप उपयोग होतो. 50 आणि 130 ची गल्लत सगळ्या मुलांची होते, कारण त्या एकाच रेघेवर दोन्ही आकडे असतात. मी त्यांना सांगते की आकडा बघायच्या आधी कोन बघ, काटकोनापेक्षा लहान दिसतोय का मोठा, मग ज्या बाजूच्या शून्यावर भुजा आहे त्याच रंगाचा आकडा वाच. लाल शून्यावरून निघालास तर लालच. रंग वेगळे असले की हे सांगणं एका वाक्यात होतं, दोन्ही काळ्या असल्या की बोट ठेवून शून्य, दहा, वीस असं मोजत जायला लावावं लागतं. तेही चांगलंच आहे म्हणा, पण परीक्षेत वेळ जातो.

आता हा कोनमापक खरा आहे का, म्हणजे त्याच्यावरचे अंश खरोखर अंश आहेत का, हे कसं बघायचं? दुसऱ्या कोनमापकाशी ताडून बघू नका, दोन्ही चुकीचे असू शकतात. पट्टीने बघा. एक आडवी रेघ बरोबर 10 सेंमी काढा, तिच्या एका टोकाला लंब काढा आणि लंबावर बरोबर 7 सेंमीवर खूण करा, मग ती खूण आडव्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला जोडा. तिथे जो कोन होतो तो 35 अंशाचा असतो, फरक असलाच तर अंशाच्या शंभराव्या भागाएवढा. वरचा कोन आपोआप 55 चा. हे दोन्ही या कोनमापकाने मोजले आणि दोन्ही रेघेवर बरोबर बसले. लंब काढायला गुण्यावर भरवसा नसेल तर 3, 4, 5 चा त्रिकोण करा किंवा 6, 8, 10 चा, मोठा केला की जास्त चांगलं, त्याच्यात 3 आणि 4 च्या मधला कोन काटकोनच असतो.

अजून एक तपासणी, तीही मला खूप आवडते. कुठलाही एक लघुकोन काढा. आधी एक भुजा उजव्या शून्यावर ठेवून मोजा, मग कागद फिरवून दुसरी भुजा डाव्या शून्यावर ठेवून मोजा. कोन तोच आहे पण आता कोनमापकाचा दुसरा भाग कामाला येतो. केंद्र छापताना बाजूला सरकलं असेल तर दोन आकडे वेगळे येतात. आणि शेवटी एक मोठा त्रिकोण, तिन्ही कोन मोजून बेरीज 180 येते का ते बघायचं. एखाद्या अंशाचा फरक पेन्सिलच्या रेघेमुळे येतोच, 5 सेंमीवर अर्धा मिमी जाड रेघ म्हणजे अर्ध्या अंशापेक्षा जरा जास्त, तीन कोन मिळून तेवढं चालायचंच. पण दर वेळी तीन-चार अंश आणि तेही एकाच बाजूला असेल तर कोनमापकात तरी गडबड आहे किंवा ठेवण्यात. आणि भुजा छोट्या असतील तर आधी पट्टीने वाढवून घ्या, कोनमापकाच्या कडेपर्यंत पोचत नसलेल्या भुजेवरून आकडा वाचणं म्हणजे अंदाजच, भुजा वाढवल्याने कोन बदलत नाही हे मुलांना एकदा करून दाखवा, त्यांना ते लगेच पटत नाही.

एक गोष्ट या कोनमापकाने होत नाही ती म्हणजे प्रविशाल कोन, 180 च्या पुढचे, सरळ मोजणं. अर्धगोल आहे तर अर्ध्याच वर्तुळाचं माप मिळणार. त्यासाठी आतला लहान कोन मोजून 360 मधून वजा करायचा, किंवा एक भुजा मागे वाढवून 180 च्या वरचा जेवढा भाग उरतो तेवढा मोजून 180 मधे मिळवायचा. मला दुसरी रीत जास्त आवडते कारण तिच्यात कोन डोळ्यांना दिसतो, पहिलीत फक्त वजाबाकी दिसते. 360 अंशाचा गोल कोनमापक वेगळा मिळतो, पण शाळेच्या कामाला त्याची गरज पडत नाही.

गुण्ये. दोन आहेत, एक 30-60-90 चा आणि एक 45-45-90 चा. बहुतेकांच्या पेटीत हे दोन कायम नवेकोरे राहतात कारण कुणी वापरतच नाही, आणि हे बघून मला खरंच हळहळ वाटते, कारण काटकोनासाठी आणि समांतर रेषांसाठी यांच्यासारखं झटपट साधन नाही. पट्टी घट्ट धरा, गुण्या तिच्या कडेला टेकवा, एक रेघ काढा, गुण्या पट्टीवरून सरकवा, दुसरी रेघ काढा, झाल्या समांतर. कोनमापक, कंपास काही लागत नाही.

दोन्ही गुण्ये जोडून ठेवले की 15 च्या पटीतले सगळे कोन निघतात. 45 आणि 30 मिळून 75, 60 आणि 45 मिळून 105, 90 आणि 30 मिळून 120, 90 आणि 45 मिळून 135, आणि 60 मधून 45 वजा केले की 15. मुलांना हे कोड्यासारखं द्या, कुठले कुठले कोन निघतात ते शोधून काढा म्हणा, कोन म्हणजे नक्की काय ते त्यांना यातून जेवढं कळतं तेवढं दहा व्याख्या पाठ करून कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

गुण्याचा काटकोन खरा आहे का बघायला कोनमापक नकोच. पट्टीला टेकवून एक उभी रेघ काढा, मग गुण्या उलटा करून, म्हणजे पालथा घालून, त्याच बिंदूतून परत रेघ काढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर काटकोन बरोबर. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. या पेटीतल्या 45 च्या गुण्याच्या रेघा एकच आल्या. 30-60 च्या 10 सेंमी उंचीवर साधारण 1 मिमीने फाकल्या, म्हणजे खरी चूक अर्ध्या मिमीची, अंशात सांगायचं तर 0.3 च्या आसपास. शाळेच्या कामाला हे काहीच नाही.

तक्रार एवढीच की गुण्यांचे कोपरे गोल केलेत. टोचू नये म्हणून करत असतील, ते ठीक आहे, पण त्यामुळे 30 चा निमुळता कोपरा शिरोबिंदूपर्यंत पोचतच नाही. गुण्या थोडा मागे सरकवून रेघ काढायची आणि मग पट्टीने पुढे वाढवायची, हे शिकवावं लागतं. आणि गुण्याच्या मधे जो त्रिकोणी भाग कापलेला असतो त्याच्या आतल्या कडेने रेघा काढू नका, या पेटीत तरी ती कड खडबडीत आहे आणि बाहेरच्या कडेला समांतर असेलच असं धरून चालू नका.

आता कंपास, आणि इथे मी नाराज आहे.

कंपासमधे एकच गोष्ट हवी, एकदा जेवढा उघडला तेवढाच राहायला हवा. बाकी सगळं चालवून घेता येतं. यात वरचा सांधा पहिल्यापासून सैल आहे आणि वापरून अजून सैल होत जातो, आणि तो रिव्हेटने बसवलेला असल्यामुळे आवळायलाही काही सोय नाही. स्क्रू असता तर छोट्या स्क्रूड्रायव्हरने आवळून काम भागलं असतं. कागदावर टोक दाबून फिरवताना पाय हळूच फाकतात, आपल्याला कळतही नाही.

याचा कोनावर काय परिणाम होतो बघा. 60 अंशाचा कोन कंपासने काढायची रीत सगळ्यांना माहितीये, शिरोबिंदूवर टोक ठेवून एक कंस काढायचा, तो भुजेला जिथे छेदतो तिथे टोक ठेवून त्याच त्रिज्येने दुसरा कंस काढायचा, आणि दोन कंस जिथे मिळतात तो बिंदू शिरोबिंदूला जोडायचा. हे चालतं कारण आतमधे समभुज त्रिकोण तयार होतो, तिन्ही बाजू एकाच त्रिज्येच्या. पण पहिला कंस 5 सेंमीचा काढला आणि दुसऱ्याच्या वेळेला कंपास 1 मिमीने फाकून 5.1 झाला तर त्रिकोण समभुज राहत नाही आणि कोन होतो 61.3 अंशाचा. एका मिमीला सव्वा अंश! आणि हा 60 दुभागून 30 काढायचा, 30 दुभागून 15, म्हणजे पाया चुकला की वरचं सगळं त्याच्यासोबत चुकत जातं. 90 काढताना तर 60 नंतर त्याच त्रिज्येने पुढचा 120 चा बिंदू घ्यावा लागतो, तिथे ही चूक अजून वाढते.

कंपासची परीक्षा घ्यायची सगळ्यात चांगली रीत म्हणजे एक वर्तुळ काढा आणि उघडझाप न करता त्याच कंपासने परिघावर त्रिज्येएवढ्या खुणा करत जा. सहावी खूण बरोबर पहिल्या बिंदूवर यायला हवी, कारण सहा साठ म्हणजे 360. या परीक्षेची गंमत अशी की एका कोनातली चूक इथे सहापट होऊन समोर येते. 5 सेंमीच्या वर्तुळावर कंपास 1 मिमी फाकलेला असेल तर शेवटची खूण जवळजवळ 7 मिमी पुढे जाते, ते कुणालाही लांबून दिसतं. या पेटीतला कंपास काही या परीक्षेत पास झाला नाही. हलक्या हाताने, टोकावर भार न देता, फक्त वरची मूठ दोन बोटांत फिरवून केलं तर बरंच जवळ येतं, पण लहान मुलाकडून ही अपेक्षा कशी करायची.

पेन्सिल बसवायची जागाही मला पटली नाही. कडं आहे त्याला छोटा स्क्रू आहे पण स्क्रू प्लास्टिकचा, जास्त आवळला की आटे जातात आणि कमी आवळला की पेन्सिल फिरता फिरता वर सरकते. पेन्सिल वर सरकणं म्हणजे त्रिज्या बदलणंच. पेन्सिलचं टोक आणि सुईचं टोक कंपास मिटल्यावर एका पातळीला आलं पाहिजे, सुई अगदी किंचित लांब असली तर चांगलं कारण ती कागदात थोडी रुततेच. सोबत दिलेली पेन्सिल मऊ आहे, पटकन बोथट होते आणि कंस जाड येतात. H किंवा 2H ची पेन्सिल घ्या, रेघ फिकट येते पण बारीक येते, आणि रचनेत छेदनबिंदू नेमका कुठे आहे ते रेघ बारीक असली तरच कळतं. खाली कोरा कागद किंवा वहीची आणखी पानं ठेवा, कडक टेबलावर सुई घसरते.

कोन दुभागायला मात्र हा कंपासही थोडाफार चालतो, त्याचं कारण सांगते. पहिला कंस दोन्ही भुजांना छेदतो तो एकाच फिरवण्यात काढता येतो, मग त्या दोन छेदनबिंदूंवरून जे दोन कंस काढायचे ते एकमेकांच्या बरोबरीचे असले की झालं, पहिल्या कंसाएवढे असायची काही गरज नाही. म्हणजे मधल्या वेळात कंपास फाकला तरी बिघडत नाही, फक्त शेवटचे दोन कंस लगेच एकापाठोपाठ काढा. आणि त्रिज्या जरा मोठी घ्या, दोन कंस शिरोबिंदूपासून जितके लांब छेदतील तितका दुभाजक अचूक येतो.

हे वाचून कुणी म्हणेल की कोनमापक एवढा चांगला आहे तर कंपासने कोन काढायचेच कशाला. तर दोन्हींचं काम वेगळं आहे. कंपास आणि आकडे नसलेली पट्टी एवढ्यावर 60 येतो, 90 येतो, त्यांचे दुभाजक येतात, सम पंचकोनावरून 72 येतो, 72 मधून 60 गेले की 12, मग त्याचा निम्मा 6, त्याचा निम्मा 3. म्हणून 3 च्या पटीतला कुठलाही पूर्ण अंशाचा कोन तत्त्वतः काढता येतो. पण 1 अंश, 20, 40, 50 हे नाही काढता येत, कितीही हुशार माणूस असला तरी. कुठल्याही कोनाचे फक्त या दोन साधनांनी तीन समान भाग करायची सर्वसाधारण रीत असूच शकत नाही हे पिएर वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने 1837 साली सिद्ध केलं, त्याआधी दोन हजार वर्षं लोक ती रीत शोधत होते. त्यामुळे मूल विचारतं की 60 मिळाला तर त्याचे तीन भाग करून 20 का नाही काढायचा, तेव्हा त्याला गप्प करू नका, प्रश्न अगदी बरोबर आहे. 20 आणि 50 कोनमापकाने काढायचे आणि 60, 90, 45, 30 कंपासने. परीक्षेत रचना करा म्हटलं असेल तर कंस दिसायला हवेत, खोडू नका.

कर्कटकाचं फार काही सांगण्यासारखं नाही, त्याचाही सांधा तसाच सैल आहे, लांबी उचलून पट्टीवर नेईपर्यंत जपून न्यावी लागते. पट्टी चांगली आहे, शून्य कडेपासून थोडं आत आहे एवढं लक्षात ठेवा. खोडरबर काळं करतं, ते वापरू नका, दुसरं घ्या. शार्पनर ठीक.

टिकण्याबद्दल. छपाई खाली असल्याचा जो फायदा सांगितला त्याचाच हा तोटा, कागदावर घासून घासून आकडे पुसट होत जातात, आणि सगळ्यात आधी शून्याच्या रेघेजवळचे जातात कारण हात तिथे दाबलेला असतो. कोनमापक सरकवण्यापेक्षा उचलून ठेवायची सवय लावा. डब्यात कंपासच्या सुईला मोकळं टाकलं की ती प्लास्टिकवर चरे पाडते, सुईला खोडरबरचा तुकडा टोचून ठेवा. उन्हात, विशेषतः बंद गाडीत वगैरे, पट्टी आणि गुण्ये ठेवू नका, उष्णतेने बाक येतो, आणि पट्टीला बाक आलाय का ते बघायला एक रेघ काढून पट्टी पालथी करून त्याच दोन बिंदूंतून परत रेघ काढा, मधे फट दिसली की ती पट्टी बाद. शाईचे डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको, असलं पारदर्शक प्लास्टिक त्याने धुरकट होतं, साबणाचं पाणी पुरे.

मार्क द्यायचे तर कोनमापकाला 5 पैकी 5, गुण्यांना 4, पट्टीला 4, कंपासला 1.5, आणि सगळी पेटी मिळून 3.5. मोजण्यासाठीच लागणार असेल, म्हणजे लहान वर्गातलं मूल असेल ज्याला अजून रचना नाहीत, तर बिनधास्त घ्या. रचना सुरू झाल्या असतील तर घ्यायच्या आधी विक्रेत्याला विचारून कंपास उघडून बघा, उघडून हवेत हलकासा हलवा, पाय आपोआप मिटले किंवा फाकले तर ठेवून द्या. सांध्याला स्क्रू आहे का ते बघा, आणि कोनमापक उलटा करून छपाईवरून नख फिरवा, खरखर खालच्या बाजूला लागली पाहिजे.

मी आमच्या मुलांसाठी कोनमापक आणि गुण्ये याच पेटीतले ठेवलेत आणि कंपास वेगळा घेतलाय, मधे आडवा स्क्रू आणि त्यावर छोटं चाक असलेला, चाक फिरवलं तरच तो उघडतो किंवा मिटतो, दाबून फाकत नाही. सहा खुणांच्या परीक्षेत तो मुलांच्या हातातसुद्धा पास झाला. उघडायला वेळ लागतो आणि फार मोठं वर्तुळ निघत नाही, पण कोनांच्या रचनेला 5-6 सेंमीच्या वर त्रिज्या लागतेच कुठे. फक्त तो या डब्यात मावत नाही, त्याचा वेगळा कव्हर आहे, तो दप्तरात आठवणीने ठेवावा लागतो.